मायक्रोवेव्ह : भीती कशाची, धोका कशाचा

इंग्रजीत ज्याला सरसकट ‘रेडिएशन’ म्हणतात, त्यासाठी मराठीत दोन शब्द आहेत आणि निम्मा घोटाळा तिथूनच सुरू होतो. एक प्रारण, दुसरा किरणोत्सर्ग. प्रारण म्हणजे लहरींच्या रूपाने पसरणारी कुठलीही ऊर्जा. चुलीची धग, ट्यूबलाइटचा उजेड, आकाशवाणीच्या लहरी, हे सगळं प्रारणच. किरणोत्सर्ग म्हणजे अणूच्या केंद्रकात आपोआप बदल होऊन त्यातून कण आणि किरण बाहेर पडणं. युरेनियम, रेडियम, चेर्नोबिल हा त्याचा प्रांत. मराठी विश्वकोशाने हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. बोलण्यात आणि बातम्यांत मात्र प्रारण हा शब्द बिचारा मागे पडला आणि मोबाइल टॉवरपासून वायफायपर्यंत सगळ्यांच्या कपाळी किरणोत्सर्ग आला. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हनही त्यातून सुटला नाही. हा शब्द एकदा चिकटला की कॅन्सर, वंध्यत्व, गर्भपात हे शब्द मागोमाग हात धरून येतात.

मी सांगलीत तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. शिक्षण आयटीआयपर्यंतचं, पुढचं जे काही आहे ते वाचून, विचारून आणि यंत्रं उघडून. दुकानात मायक्रोवेव्ह येऊ लागले तेव्हापासून त्यांच्याबरोबर एक प्रश्नही यायला लागला. एक बाई ओव्हनचं दार दाखवायला आल्या होत्या. म्हणाल्या, “दादा, सूनबाईला सहावा लागलाय. ह्यातनं किरणं बाहेर येत्यात म्हणं. विकून टाकू का?” दार चांगलं होतं. बोलता बोलता कळलं, की सूनबाईला ओव्हनच्या जवळ जाऊ देत नाहीत, पण थोरल्या नातवाच्या दुधाची बाटली रोज त्यातच गरम होते. जिथे धोका जवळपास नव्हता तिथे पहारा होता आणि जिथे खरा धोका होता ते दार सताड उघडं होतं. असं मी इतक्या घरांत पाहिलंय, की शेवटी या विषयाचं जुनं-नवं मिळेल ते वाचायला बसलो. हा लेख त्यातून झाला.

आधी लहर समजून घेऊ. मायक्रोवेव्ह, म्हणजे सूक्ष्मतरंग, हे रेडिओलहरींचंच धाकटं भावंड. लांब लहरीकडून आखूड लहरीकडे गेलं तर आधी रेडिओ, मग मायक्रोवेव्ह, मग अवरक्त म्हणजे निखाऱ्याची धग, मग डोळ्यांना दिसणारा प्रकाश, मग अतिनील, क्ष-किरण आणि शेवटी गॅमा. घरच्या ओव्हनमधली लहर सेकंदाला २४५ कोटी वेळा हेलकावते आणि तिची लांबी १२ सेंटिमीटरहून किंचित जास्त असते. म्हणजे धोक्याच्या जिन्यावर ती उजेडाच्याही खालच्या पायरीवर बसलेली आहे.

ही पायरी महत्त्वाची, कारण लहरींची ऊर्जा पुड्या बांधून येते आणि लहर जितकी लांब तितकी पुडी लहान. मायक्रोवेव्हची एक पुडी साध्या उजेडाच्या पुडीपेक्षा सुमारे दोन लाख पटींनी हलकी असते. पेशीतल्या डीएनएचा बंध तोडायला किंवा अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावायला अतिनील, क्ष-किरण यांच्यासारखी जड पुडी लागते. मग पुष्कळ हलक्या पुड्या एकदम आल्या तर? नारळावर मोहरीचे दाणे एकेक करून लाखभर मारले तरी करवंटी फुटत नाही. मारत राहिलं तर नारळ थोडा गरम होईल, इतकंच. मायक्रोवेव्हचं नेमकं तेच आहे. त्या तापवतात. कमी असतील तर कमी, जास्त असतील तर भाजेपर्यंत.

या लहरी काही परक्या नाहीत. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बसूंनी भिंतीपलीकडून लहरी पाठवून घंटा वाजवली होती आणि बंदुकीची दारू पेटवली होती. त्यांच्या उपकरणांतल्या काही लहरींची लांबी अवघी पाच मिलिमीटर होती, म्हणजे आजच्या ओव्हनपेक्षाही पुष्कळ आखूड. त्यांना या लहरींनी काही शिजवायचं नव्हतं, आणि शिजवण्याइतकी ताकदही त्या उपकरणांत नव्हती.

ताकद आली ती युद्धामुळे. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन तयार केला. विमानं हुडकणाऱ्या रडारसाठी आखूड आणि जोरकस लहरी हव्या होत्या, त्या या तांब्याच्या ठोकळ्याने दिल्या. त्याच वर्षी तो गुपचूप अमेरिकेला नेला गेला. रेथिऑन कंपनीत त्याच्यावर काम करणारा पर्सी स्पेन्सर हा शाळा अर्धवट सोडलेला, नौदलात असताना पुस्तकं वाचून स्वतःच शिकलेला माणूस. (मला त्याच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते, हे वाचकांनी समजून घ्यावं.) चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना त्याच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली. इतरांनीही लहरींची ऊब अनुभवली असणारच. यानं मक्याचे दाणे मागवले, मग अंडं. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यानं पेटंटचा अर्ज केला. १९४७ चा पहिला ‘रडाररेंज’ माणसाच्या उंचीचा होता आणि वजन ३४० किलोच्या घरात. ओट्यावर मावणारा घरगुती ओव्हन १९६७ मध्ये अमाना कंपनीने बाजारात आणला.

आता तापवण्याची रीत. पाण्याच्या रेणूचं एक टोक धनभारित, दुसरं ऋणभारित. लहरीचं विद्युतक्षेत्र सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलतं, रेणू तिच्यामागे वळायला बघतात, शेजाऱ्यांना धडकतात आणि त्या धडपडीची उष्णता होते. पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं, की ही वारंवारता पाण्याच्या रेणूची ‘स्वतःची’ म्हणून निवडली. तसं नाही. पाणी या लहरी सगळ्यांत जास्त शोषतं ते याच्या बरंच वर, २० गिगाहर्ट्झच्या आसपास. ती वारंवारता घेतली असती तर बटाट्याची साल करपली असती आणि आत लहर पोचलीच नसती. २४५ कोटींचा आकडा आंतरराष्ट्रीय वाटपातून आला. उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्यासाठी जे पट्टे राखून ठेवले आहेत त्यातला हा एक. मोठ्या कारखान्यांतले काही ओव्हन तर ९१५ मेगाहर्ट्झवर चालतात. ‘मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ आतून बाहेर शिजतो’ ही समजूतही खरी नाही. लहर दोन-तीन सेंटिमीटर आत जाता जाता क्षीण होते. तिथून पुढे उष्णता तव्यावरच्या भाकरीत जाते तशीच, हळूहळू सरकत जाते.

ओव्हनच्या पोकळीत लहर भिंतींवर आपटून परत येते आणि येणारी-जाणारी एकमेकींत मिसळून काही जागी जोर होतो, काही जागी शांतता. हे डोळ्यांनी बघायचं तर पापड घ्यावेत. काचेची फिरती थाळी आणि तिच्याखालचं चाकांचं कडं काढावं, एक सपाट काचेची बशी ठेवून तिच्यावर कच्चे पापड शेजारी शेजारी मांडावेत आणि अर्धा मिनिट ओव्हन चालवावा. सगळे पापड सारखे फुलत नाहीत. ठिकठिकाणी पांढरे फुललेले डाग पडतात आणि मधला भाग कच्चा राहतो. डागांमधलं अंतर मोजलं तर साधारण सहा सेंटिमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे लहरीच्या लांबीच्या निम्मं. ओव्हनच्या आकाराप्रमाणे थोडं कमीजास्त होतं, पण रीत तीच. हे ठिपके लक्षात ठेवावेत. पुढे त्यांच्याशी आपल्याला काम आहे.

ह्याच लहरी माणसाच्या अंगावर पडल्या तर काय होतं? पापडाला होतं तेच. शरीरात पाणी आहे, ते तापतं. ओव्हनच्या वारंवारतेची लहर स्नायूत साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत शिरते. फिजिओथेरपीवाले लहरींनी खोल शेक देतात आणि यकृतातली गाठ जाळायला आज शल्यविशारद मायक्रोवेव्हची सुई वापरतात, ती याच गुणामुळे. शरीराजवळ उष्णता वाहून नेण्याची सोय आहे, ती म्हणजे रक्त. जिथे रक्त कमी पोचतं तिथे ही सोय तोकडी पडते. डोळ्याच्या भिंगाला रक्तवाहिन्याच नाहीत. सशांच्या डोळ्यांवर दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅटहून जास्त जोराच्या लहरी तास-दीड तास सोडल्यावर मोतीबिंदू झाल्याचे प्रयोग आहेत. पुरुषांच्या वृषणालाही उष्णता सोसत नाही. तेव्हा मायक्रोवेव्ह शरीराला काहीच करत नाहीत असं म्हणणारा माणूस आणि त्यांनी कॅन्सर होतो असं छातीठोक सांगणारा माणूस, दोघेही एका महत्त्वाच्या प्रश्नाला बगल देतात. तो प्रश्न म्हणजे, किती?

आंतरराष्ट्रीय मर्यादा या प्रश्नावरच बेतलेल्या आहेत. सबंध शरीराने दर किलोला ४ वॅट इतकी ऊर्जा शोषली तर अंगाचं तापमान साधारण एक अंश वाढतं. कामगारांसाठी मर्यादा याच्या दहावा भाग म्हणजे ०.४ वॅट ठेवली आणि सर्वसामान्यांसाठी त्याच्याही पाचवा भाग, ०.०८ वॅट. आपलं शरीर स्वस्थ बसलेलं असताना दर किलोला सुमारे एक वॅट उष्णता स्वतःच तयार करत असतं. तुलनेला एवढा आकडा पुरे.

ओव्हनच्या गळतीची मर्यादा वेगळी सांगितलेली असते. अमेरिकेत १९७१ पासून नियम आहे, की नव्या ओव्हनपासून ५ सेंटिमीटरवर गळती दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॅटच्या वर नसावी आणि ओव्हन कितीही जुना झाला तरी ५ मिलिवॅटच्या वर जाऊ नये. आपल्याकडचं आयएस ३०२ हे मानकही, त्याच्या मायक्रोवेव्हच्या विभागात, ५ मिलिवॅटच्याच घरात आहे. भर दुपारचं ऊन चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० मिलिवॅट देतं. ऊन कातडीवरच थांबतं आणि मायक्रोवेव्ह थोड्या आत जातात, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण रकमेचा अंदाज येतो. शिवाय अंतर वाढलं की गळती झपाट्याने पातळ होते. ५ सेंटिमीटरवर जी होती ती अर्ध्या मीटरवर शंभरावा भाग उरते. ओट्यावर ओव्हन आणि हातभर अंतरावर गरोदर बाई, हे चित्र मला घाबरवत नाही. उदबत्तीचा आणि फोडणीचा धूर मला त्याहून जास्त काळजीचा वाटतो.

लहर आत कोंडली कशी जाते, हे बघण्यासारखं आहे. दाराच्या काचेत जाळी असते, तिची भोकं मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. बारा सेंटिमीटरच्या लहरीला ती भोकं म्हणजे भिंतच, उजेडाच्या इवल्या लहरी मात्र आरपार येतात. दाराच्या कडेला धातूची एक खाच असते. तिची खोली लहरीच्या पाव लांबीएवढी, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपास. फटीतून निसटू पाहणारी लहर तिच्यात शिरून उलटी फिरते आणि स्वतःलाच मारते. म्हणून दार रबरी वॉशरसारखं घट्ट बसलेलं दिसलं नाही तरी चालतं, पण ते वाकलेलं किंवा कुलंबा सैल झालेलं चालत नाही. दार उघडताच बंद करणारे दोन स्विच असतात आणि तिसरा त्यांच्यावर पाळत ठेवतो. ते दोघे चिकटून बसले तर तिसरा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. बाजारात काही दुरुस्तीवाले हा तिसरा स्विच ‘फ्यूज सारखा उडतोय’ म्हणून काढून टाकतात. ते करू देऊ नये.

‘आत मोबाइल ठेवा, वाजला तर ओव्हन गळका’ ही परीक्षा घराघरांत चालते. तिला काही अर्थ नाही. मोबाइल इतक्या क्षीण लहरींवर चालतो, की ओव्हनच्या पत्र्याने त्या हजारो पटींनी कमी केल्या तरी उरल्यासुरल्यावर तो वाजू शकतो. याहून बोलकं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. पार्क्स इथल्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून चमत्कारिक झटके ऐकू येत. दूरच्या अवकाशातून आल्यासारखे, पण नाही तसेही. २०१५ साली उलगडा झाला. वेधशाळेतलं कुणीतरी घड्याळ पुरं व्हायच्या आत ओव्हनचं दार उघडत होतं आणि मॅग्नेट्रॉन विझण्याच्या त्या क्षणात निसटलेली लहर दुर्बिणीला लागत होती. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीकडे जाणाऱ्यांना मोबाइल बंद करायला सांगतात, त्यामागेही हीच नाजूक श्रवणशक्ती आहे. दुर्बिणीला लागलं म्हणून शरीराला लागेल असं नाही. दोघांच्या कानांत अब्जावधी पटींचा फरक आहे.

मग एवढी भीती आली कुठून? फिरत्या संदेशांत तीन गोष्टी हमखास असतात. मी तिन्हींचा माग काढला.

पहिली, ‘रशियाने १९७६ साली मायक्रोवेव्हवर बंदी घातली.’ अशा बंदीचा पुरावा सापडत नाही. उलट १९८० च्या दशकात सोव्हिएत कारखान्यांतच घरगुती ओव्हन तयार होत होते. पण धुराखाली थोडा विस्तव आहे. लहरींच्या जागी काम करणाऱ्यांसाठी सोव्हिएत मर्यादा चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोवॅट होती, अमेरिकेची १० मिलिवॅट, म्हणजे हजारपट सैल. तिकडचे डॉक्टर डोकेदुखी, थकवा, झोप न येणं अशा तक्रारी लहरींशी जोडत, इकडचे फक्त तापमानाकडे बघत. त्यातच १९५३ च्या आसपासपासून मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीवर सोव्हिएत बाजूने मायक्रोवेव्ह रोखलेल्या होत्या आणि ते १९७६ मध्ये जगजाहीर झालं. बंदीच्या कथेला १९७६ हेच साल का चिकटलं, याचं उत्तर इथेच असावं, असा माझा अंदाज आहे. त्या वकिलातीतल्या सुमारे १८०० कर्मचाऱ्यांची जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अब्राहम लिलियनफेल्ड यांनी पाहणी केली आणि पूर्व युरोपातल्या इतर वकिलातींतल्या कर्मचाऱ्यांशी ताडून पाहिली. १९७८ च्या अहवालात मृत्यूचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. तिथे लहरींचा जोर २० मायक्रोवॅटच्याही आत होता.

दुसरी गोष्ट स्वित्झर्लंडच्या हान्स हर्टेलची. त्यानं लोझानच्या बर्नार्ड ब्लांक या प्राध्यापकाबरोबर आठ माणसांना दूध आणि भाज्या वेगवेगळ्या पद्धतींनी तापवून खायला दिल्या आणि रक्त तपासलं. १९९२ मध्ये एका नियतकालिकाने मृत्यूचा सांगाडा छापून त्यावर लेख केला. ओव्हन बनवणाऱ्यांची संघटना कोर्टात गेली आणि हर्टेलच्या बोलण्यावर बंदी आली. पुढे २५ ऑगस्ट १९९८ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ती बंदी सहा विरुद्ध तीन मतांनी चुकीची ठरवली. संदेशात हे ‘न्यायालयानेही मान्य केलं’ असं येतं. न्यायालयाने मान्य केला तो त्याचा बोलण्याचा हक्क. त्याचं बोलणं खरं की खोटं, हा निवाडा तिथे झालेला नाही. आठ माणसांच्या रक्तावरून जगाच्या जेवणाचा निकाल लागत नाही, आणि ब्लांक यांनी स्वतः त्या निष्कर्षांपासून अंग काढून घेतलं. तरी मी हर्टेलच्या बाजूने एवढं म्हणेन, की त्याचं तोंड बंद करायला गेलेल्या संघटनेनेच त्याला जगभर पोचवलं.

तिसरी, अमेरिकेतल्या ओक्लाहोमातली. शस्त्रक्रियेतल्या एका बाईंना मायक्रोवेव्हमध्ये कोमट केलेलं रक्त दिलं गेलं आणि त्या दगावल्या. हे घडलेलं आहे. रक्त फार तापलं की तांबड्या पेशी फुटतात, त्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि हृदय थांबू शकतं. तेच रक्त स्टोव्हवर तापवलं असतं तरी तेच झालं असतं. लहरींनी रक्ताचं विष केलं नाही. ते कुठे किती तापलं हे मोजलं गेलं नाही.

कॅन्सरचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२-ब’ म्हणजे ‘कदाचित’ या गटात घातलं. तो निर्णय मुख्यतः मोबाइल फोन वर्षानुवर्षं कानाला लावणाऱ्यांच्या पाहण्यांवर आधारलेला होता. त्याच गटात आशियातल्या पारंपरिक पद्धतीने खारवलेल्या भाज्याही आहेत. जीवनसत्त्वांचा हिशेबही असाच. ब्रोकोलीतली ९७ टक्के फ्लेव्होनॉइड द्रव्यं मायक्रोवेव्हने नष्ट झाली, हा २००३ चा स्पॅनिश अभ्यास खरा आहे. पण तिथे भाजी पाण्यात घालून शिजवली होती आणि द्रव्यं पाण्यात गेली. पाण्याचा हबका मारून, झाकून, थोडा वेळ तापवलेल्या भाजीचं नुकसान साध्या उकडण्यापेक्षा बहुधा कमीच होतं.

आता ते पापडावरचे ठिपके. ओव्हनने होणारं घरातलं नुकसान बरंचसं त्या असमान तापण्यातून येतं. दुधाची बाटली हाताला कोमट लागते आणि आतल्या वरच्या थरातलं दूध जीभ, टाळू भाजण्याइतकं कढत असतं. तान्ह्या बाळांचे टाळू असे भाजलेले आहेत. आईचं काढून ठेवलेलं दूध फार तापवलं तर त्यातली रोगाशी लढणारी द्रव्यंही घटतात. बाळाचं दूध गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरून कोमट करावं, हलवावं, मनगटावर थेंब टाकून बघावा. इथे दुसरा उपाय शोधू नये. उलट बाजूला शांत ठिपके. फ्रिजमधलं चिकन किंवा कालची आमटी कडेला उकळते आणि मधोमध गार राहते, आणि जंतू मजेत असतात. म्हणून मध्येच ढवळायचं, झाकायचं आणि काढल्यावर दोन मिनिटं तसंच ठेवायचं. भाताची गोष्ट आणखी वेगळी. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस जंतूने केलेलं विष असू शकतं आणि ते तापवून जात नाही, मायक्रोवेव्हने नाही की फोडणीनेही नाही. भात उरला तर तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये जावा.

स्वच्छ, गुळगुळीत काचेच्या पेल्यात नुसतं पाणी तापवलं तर ते बुडबुडे न येता शंभर अंशांच्या वर जातं. त्यात चमचा किंवा कॉफीची पूड पडली की भसकन उसळतं आणि तोंडावर येतं. पेल्यात आधीच लाकडी काडी ठेवावी. कवचातलं अंडं आत ठेवूच नये. उकडून सोललेलंही पुन्हा तापवलं तर बाहेर काढल्यावर, सुरी लागताच फुटतं. डोळ्याला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

प्लॅस्टिकबद्दल मी पूर्वीपेक्षा कडक झालो आहे. डब्यावरचं ‘मायक्रोवेव्ह सेफ’ म्हणजे डबा वितळणार नाही, एवढंच. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं, की काही डब्यांच्या एका चौरस सेंटिमीटरमधून तीन मिनिटांच्या तापवण्यात ४२ लाखांपर्यंत सूक्ष्म आणि २११ कोटींपर्यंत अतिसूक्ष्म प्लॅस्टिककण सुटू शकतात. त्याने शरीराचं नेमकं किती बिघडतं यावर संशोधन चालू आहे. पण हॉटेलातून आलेला काळा डबा धुऊन, त्यात तर्रीचा रस्सा घालून पुन्हा तापवण्याची गरज काय? तेल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. काचेचा किंवा चिनी मातीचा वाडगा घरात असतोच.

आणि शेवटी ज्या धोक्याबद्दल फिरत्या संदेशांत अवाक्षर नसतं, तो. ओव्हनच्या पत्र्याआड एक ट्रान्सफॉर्मर घरच्या २३० व्होल्टचे दोन हजारांहून जास्त करतो आणि शेजारी एक कपॅसिटर ती वीज साठवून ठेवतो. प्लग काढल्यावरही. तो रिकामा करणारा रेझिस्टर आत असतो, पण तो जळलेला असेल तर बाहेरून कळत नाही. माझ्या ओळखीतल्या, एकविसाव्या वर्षी स्वतंत्र धंदा काढलेल्या एका मुलाने प्लग काढला, चहा पिऊन आला आणि हात घातला. तो वाचला, उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. टीव्ही दुरुस्त करणारे आम्ही लोक धक्क्याला सरावलेले असतो, पण टीव्हीच्या आणि ओव्हनच्या धक्क्यात फरक असा, की इथे दाबाच्या पाठीमागे प्रवाहही भरपूर असतो. घराच्या बोर्डावरचा धक्का-संरक्षक स्विच इथे कामी येत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा मार्ग त्याला दिसतच नाही. जुन्या ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळायचा छंद परदेशात निघाला आणि त्यात इतके लोक गेले, की अमेरिकेतल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत त्यावर बंदी घातली.

त्यामुळे ओव्हन विकत घेताना मी तिघांकडे बघायला सांगतो: दाराच्या बिजागऱ्या, थ्री-पिनचं खरंखुरं अर्थिंग (जुन्या वाड्यांतून पुष्कळदा तिसऱ्या भोकामागे तारच नसते) आणि दुरुस्ती करणारा माणूस. तो कपॅसिटर आधी रिकामा करतो का, हे विचारायला लाजू नये. आणि ओव्हन मोडीत देताना भंगारवाल्याच्या पोराला तेवढं सांगून द्यावं. त्याला तांबं हवं असतं, आणि तांबं असतं नेमकं कपॅसिटरच्या शेजारी.